सोसायटी आहेच, मग रहिवासी संघ कशाला?

प्रश्न थोडक्यात असा आहे: आमच्या भागात रहिवासी संघ आहे, वर्षाला ५०० रुपये वर्गणी मागतात. आमची सोसायटी नोंदणीकृत आहे, मेंटेनन्स भरतोच. मग हा संघ नेमकं करतो काय, त्यात जावं का, आणि शेजारच्या भागात असा संघ नाही तर तिथल्या लोकांनी तो काढायचा कसा?

सोसायटीची हद्द फाटकापाशी संपते. ती सहकार कायद्याखाली, म्हणजे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली चालते. टाकी, लिफ्ट, गच्ची, पार्किंग, जिना हे तिचं काम आणि तिच्यावर देखरेख उपनिबंधकाची. फाटकाबाहेर पाऊल टाकलं की रस्ता, पावसाळी गटार, मलवाहिनी, पाण्याची मुख्य लाइन, दिव्यांचे खांब, झाडं, फुटपाथ, उद्यानासाठी आरक्षित असलेला आणि गेली काही वर्षं राडारोडा टाकायला वापरला जाणारा भूखंड हे सगळं महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे. तिथे तुमच्या सोसायटीच्या सचिवाचं पत्र एका इमारतीचं पत्र असतं. रस्ता मात्र वीस इमारतींचा, सहा बंगल्यांचा, एका चाळीचा आणि बारा दुकानांचा असतो. या सगळ्यांच्या वतीने बोलणारं, कागदावर टिकणारं एक नाव म्हणजे रहिवासी संघ. कुठे त्याला नागरिक मंच म्हणतात, कुठे विकास मंडळ, कुठे परिसर समिती.

नावं सारखी दिसली तरी प्रकार वेगवेगळे आहेत, आणि आपल्याकडचा कोणता हे आधी विचारून घ्यावं.

पहिला, नोंदणीकृत संघ. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली संस्था म्हणून आणि १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यास (ट्रस्ट) म्हणून, अशी त्याची धर्मादाय आयुक्तांकडे दुहेरी नोंदणी असते. याला स्वतःचं बँक खातं, घटना (म्हणजे संघाचे लेखी नियम), निवडणूक, हिशेब हे सगळं आलं.

दुसरा, मुंबईतलं ‘प्रगत परिसर व्यवस्थापन’, ज्याला सगळे एएलएम (ॲडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) म्हणतात. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करण्यापासून सुरुवात केली आणि पालिकेने तीच पद्धत शहरभर नेली. एका गल्लीतले किंवा चार-पाच गल्ल्यांमधले रहिवासी एकत्र येतात, वॉर्ड ऑफिसात नाव नोंदवतात आणि पालिकेचा एक अधिकारी त्यांच्याशी संपर्क ठेवतो. हे लक्षात ठेवा की एएलएम ही पालिकेने केलेली व्यवस्था आहे. त्यामागे स्वतंत्र कायदा नाही. सहायक आयुक्त उत्साही असेल तर दर महिन्याला बैठक होते, बदलून गेला की वर्षभर होत नाही. म्हणून मुंबईतले जुने, टिकलेले गट बहुधा एएलएमही असतात आणि धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली संस्थाही असतात. आणखी एक गोष्ट: एएलएम मुख्यतः पक्क्या इमारतींच्या वस्तीत रुजलं, झोपडपट्टीसाठी पालिकेने दत्तक वस्ती योजना वेगळी चालवली. त्यामुळे एकाच नाल्याच्या दोन काठांवर दोन वेगळ्या व्यवस्था उभ्या राहिल्या, आणि नाला तुंबला की दोघी एकमेकींकडे बोट दाखवतात.

तिसरा, मोहल्ला समिती. हिचं मूळ पोलिसांच्या कामात आहे. १९८८ मध्ये भिवंडीत पोलीस उपायुक्त असताना सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यात अशा समित्या उभ्या केल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटलेली असताना भिवंडी शांत राहिली, याचं श्रेय बऱ्याच अंशी या समित्यांना दिलं जातं. पुण्यात मात्र ‘मोहल्ला कमिटी’ म्हटलं की क्षेत्रीय कार्यालयात, म्हणजे वॉर्ड ऑफिसात, अधिकारी आणि नागरिक समोरासमोर बसतात ती बैठक. शब्द एक, काम वेगळं.

चौथा प्रकार म्हणजे नुसता व्हॉट्सॲप गट. तो वाईट नाही, पण त्याला संघ म्हणू नये. त्याला ना सभासदयादी असते ना इतिवृत्त, आणि त्यातल्या फोटोला आवक क्रमांक, म्हणजे पत्र आल्याच्या सरकारी नोंदीचा क्रमांक, मिळत नाही.

आता संघ नेमकं काय करतो. बहुतेकांना वाटतं, तक्रारी करतो. तक्रार आज मोबाइलवरून कोणीही करू शकतो, त्याला संघ लागत नाही. संघाचं खरं काम तक्रारीचं ‘कामात’ रूपांतर करण्याचं असतं, आणि हा फरक समजला तर बाकी सगळं समजतं.

उदाहरण घ्या. कोपऱ्यावर दर पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचतं. तुम्ही ॲपवर तक्रार टाकता. दुसऱ्या दिवशी दोन कर्मचारी येतात, चेंबरचं झाकण उघडून गाळ काढतात, फोटो चढवतात, तक्रार ‘निराकरण झाले’ म्हणून बंद होते. त्यात खोटं काही नाही. देखभालीच्या पैशातून तेवढंच करता येतं. पण मूळ अडचण अशी असू शकते की वरच्या बाजूला तीन नव्या इमारती झाल्या, त्यांचं पाणी याच गटारात आलं, आणि ३०० मिलिमीटरचा पाइप आता पुरत नाही. पाइप बदलणं हे भांडवली काम. त्यासाठी पूर्वगणनपत्रक, म्हणजे कामाच्या खर्चाचा अंदाज, व्हावं लागतं, पालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद लागते, तांत्रिक मान्यता, निविदा आणि कार्यादेश, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा लेखी आदेश, लागतो. ॲपमधली तक्रार या रांगेत कधीच पोचत नाही, कारण ती दरवेळी बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संघाकडे मात्र तीन पावसाळ्यांच्या तारखा, पाण्याची खोली दाखवणारे फोटो, किती घरांच्या तळमजल्यात पाणी शिरलं याची यादी असते. ती घेऊन पावसाळी गटार विभागाच्या उपअभियंत्याकडे गेलं की त्यालाही वर प्रस्ताव पाठवायला आधार मिळतो. अधिकारी आपला शत्रू आहे असं धरून चालणारे संघ इथेच फसतात. कनिष्ठ अभियंत्याला काम करायचं असतं, पण तरतुदीशिवाय तो काही करू शकत नाही. आणि तरतूद मागायला त्याला बाहेरून आलेला, नीट लिहिलेला कागद लागतो.

पत्र कसं असावं यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण निम्मे संघ इथेच मार खातात. एका पत्रात एकच विषय. रस्ता, कुत्री, पाणी आणि फेरीवाले एकाच पत्रात घातले की ते पत्र चार विभागांच्या मध्ये पडून राहतं. जागा सांगताना ‘मंदिराजवळ’ लिहू नका. दिव्याच्या खांबावर रंगवलेला क्रमांक, इमारतीचं नाव, या चेंबरपासून त्या चेंबरपर्यंत इतके मीटर, असं लिहा. टेप घेऊन मोजायला दहा मिनिटं लागतात. मग किती घरांना त्रास होतो, कधीपासून, आधीच्या पत्रांचे आवक क्रमांक, आणि शेवटी नेमकी मागणी. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय परत येऊ नका. ही प्रत संघाच्या फाइलमध्ये जाते, अध्यक्षांच्या घरच्या कपाटात नव्हे.

मागणी करतानाही अभ्यास लागतो. गतिरोधक हे नेहमीचं उदाहरण. लोक मागतात, रात्रीतून कोणीतरी डांबराचा उंच ढिगारा घालून जातं, आणि त्यावर आपटून दुचाकीवरची माणसं जायबंदी होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषाप्रमाणे गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मधोमध १० सेंटिमीटर उंच असतो. पुढे सूचनाफलक आणि पांढरे पट्टे हवेत, आणि वाहतूक पोलिसांचं मत घ्यावं लागतं. पत्रात हे माप लिहिलं तर ठेकेदाराला ढिगारा घालून सुटता येत नाही.

कोणता विषय कोणाकडे, हा नकाशा संघाने पहिल्या दोन महिन्यांत तयार करावा. रस्ता पथ विभागाकडे असतो, पण त्याच रस्त्याखालची जलवाहिनी पाणीपुरवठ्याकडे, मलवाहिनी ड्रेनेजकडे. दिव्याचा खांब बहुधा पालिकेचा आणि त्याशेजारचं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) महावितरणचं, किंवा मुंबईत बेस्टचं नाहीतर खासगी कंपनीचं. झाडाच्या फांद्या उद्यान विभागाकडे, पण त्या वीजतारांना लागत असतील तर वीज कंपनीकडेही. कचऱ्यासाठी आरोग्य निरीक्षक आणि त्याखाली मुकादम. १५ मीटरहून रुंद रस्ता मुख्य खात्याकडे आणि गल्लीबोळ क्षेत्रीय कार्यालयाकडे, अशी वाटणीही काही शहरांत असते. तुमच्याकडची हद्द विचारून घ्या. ‘हे आमच्याकडे येत नाही’ या उत्तरात लोकांचे सहा-सहा महिने जातात. एका पानाचा तक्ता, त्यात खातं, पद, कार्यालयाचा पत्ता आणि फोन, एवढं केलं की हे महिने वाचतात. बदल्या होतात, म्हणून दर सहा महिन्यांनी तक्ता सुधारावा.

याच्या जोडीला पालिकेचं वर्ष कसं फिरतं ते कळलं पाहिजे. पैशाचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण पुढच्या वर्षाच्या कामांच्या याद्या आधीच्या पावसाळ्यानंतर आकार घेऊ लागतात. फेब्रुवारीत निवेदन घेऊन जाणाऱ्या संघाला गोड बोलून परत पाठवतात, कारण आकडे ठरलेले असतात. पुणे महापालिकेने २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक सुरू केलं. त्यात नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं, म्हणजे पदपथ, बाक, दिवे, बसथांबा अशी, ठरलेल्या नमुन्यात क्षेत्रीय कार्यालयात सुचवतात. अर्ज साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात मागवले जातात. जाहिरात वर्तमानपत्रात येते आणि मुदत थोडी असते, त्यामुळे ज्या संघाची यादी जुलैमध्येच तयार असते त्याचेच अर्ज नीट भरलेले असतात. इतर शहरांत अशी खिडकी नसेल तरी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्या तीन मागण्या क्रमाने लिहून द्याव्यात. तीनच. पंचवीस मागण्यांच्या यादीतून अधिकारी आपल्याला सोयीची निवडतो, आणि ती बहुधा रंगीत पेव्हर ब्लॉकची असते.

मार्च-एप्रिलमध्ये मंजूर अंदाजपत्रकात आपलं काम कुठल्या शीर्षाखाली, किती रकमेचं आलं ते शोधून काढायचं. मे महिन्यात नालेसफाई झाली का हे ठेकेदाराच्या फोटोवरून न ठरवता स्वतः जाऊन बघायचं. काढलेला गाळ काठावरच ठेवला असेल तर पहिल्या पावसात तो परत आत जातो. पावसाळ्यात रस्ते खोदायला सहसा बंदी असते, त्यामुळे मोठी कामं ऑक्टोबरनंतर निघतात, आणि तेव्हाच सगळी खाती एकदम रस्त्यावर येतात. नवा रस्ता झाल्यावर महिन्याभरात जलवाहिनीसाठी खोदला जातो, याचं कारण दोन खात्यांच्या निविदा वेगवेगळ्या वेळी निघतात हे. संघाने दोन्ही खात्यांना एकाच तारखेचं पत्र देऊन ‘आधी खालची कामं, मग डांबर’ एवढं लेखी मागितलं तरी पुष्कळदा निभावतं.

काम सुरू झाल्यावर माहितीचा अधिकार उपयोगी पडतो. २००५ चा हा कायदा नागरिकाला अधिकार देतो, म्हणून अर्ज संघाच्या लेटरहेडवर न करता एका सभासदाने स्वतःच्या नावाने करावा. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि साधारण १५० शब्दांच्या आत हवा, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, उत्तर ३० दिवसांत यायला हवं. न आल्यास किंवा अपुरं आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील. मागायचं काय? ‘काम का झालं नाही’ हा प्रश्न विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. कार्यादेशाची प्रत, पूर्वगणनपत्रक, मोजमाप पुस्तकाची, म्हणजे झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या वहीची, संबंधित पानं आणि दोषदायित्व कालावधी किती, एवढं मागा. मोजमाप पुस्तकात पदपथ १२० मीटर लिहिला आहे आणि टेपने ८५ भरतो, हे एकदा कागदावर आलं की पुढचं बोलणं सोपं होतं. दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची असते. तो कालावधी माहीत नसल्याने तोच खड्डा पुन्हा पालिकेच्या पैशाने बुजवला जातो.

अर्जाशिवायही एक वाट आहे, ती फार कमी लोक वापरतात. राज्य सरकारने २०१८ मध्ये काढलेल्या आदेशाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्था आणि जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रं पाहता येतात. आधी जाऊन फाइल बघावी, मग नेमक्या पानांची प्रत मागावी. अर्जाचं उत्तर ‘माहिती व्यापक स्वरूपाची आहे’ असं येण्याचा धोका त्याने कमी होतो.

नगरसेवकांबद्दल. मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांत २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकच कारभार पाहत होता. त्या काळात ज्या भागांत संघ जिवंत होता तिथे अधिकाऱ्यांशी थेट बोलायची सवय लागली. जिथे सगळं नगरसेवकाच्या फोनवर चालायचं तिथे लोक अडून बसले. आता नगरसेवक आले आहेत, पण मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत प्रभाग चार जणांचा आहे. चौघांपैकी तुमच्या गल्लीला उत्तरदायी कोण, हे कोणीच सांगत नाही. म्हणून पत्राची प्रत चौघांनाही द्यावी आणि चौघांचीही पोच घ्यावी. कोण काय करतो ते आपोआप दिसतं. कायद्यात प्रभाग समितीवर स्वयंसेवी आणि सामुदायिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेण्याची तरतूद आहे. २००९ मध्ये क्षेत्र सभांची, म्हणजे प्रभागातल्या छोट्या भागातल्या मतदारांच्या सभांची, तरतूदही झाली. प्रत्यक्षात समितीच्या त्या जागा पुष्कळदा पक्षांच्या कार्यकर्त्यांना जातात आणि क्षेत्र सभा भरलेली फार कमी लोकांनी पाहिली आहे. तरी या तरतुदींचा उल्लेख पत्रात करत राहावा.

संघ नव्याने काढायचा असेल तर कायद्याने सात माणसं पुरतात. व्यवहारात अकरा ते पंधरा जणांची कार्यकारिणी लागते, कारण त्यातले चार-पाच जण दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. आधी हद्द ठरवा. २०० ते ५०० घरं हा आकार हाताळता येतो. त्याहून मोठा झाला की एका टोकाच्या लोकांना दुसऱ्या टोकाचं गटार आपलं वाटत नाही. हद्द शक्यतो एका क्षेत्रीय कार्यालयाच्या आणि एका पोलीस ठाण्याच्या आत ठेवा. प्रत्येक गल्लीचा एक प्रतिनिधी हवा, आणि तो अध्यक्षांनी नेमलेला नसावा, गल्लीने दिलेला असावा.

सभासदत्वाचा प्रश्न घटनेत सोडवून टाका, नाहीतर पहिल्याच निवडणुकीत भांडण ठरलेलं. सोसायटी सभासद की व्यक्ती? १२० सदनिकांच्या सोसायटीला एक मत आणि ८ सदनिकांच्या इमारतीलाही एकच, तर मोठे रुसतात. सदनिकेमागे एक मत ठेवलं तर एकच संकुल सगळा संघ खिशात घालतं. मधला मार्ग बरा चालतो: सोसायटीने ठराव करून प्रतिनिधी पाठवायचा, २५ सदनिकांमागे एक, पण कोणाचेही तीनपेक्षा जास्त नाहीत, बंगले, चाळी आणि दुकानदार यांचे सभासद व्यक्तिशः. भाडेकरूंना मत असावं. नळाला पाणी आलं नाही तर त्रास मालकाला नाही, राहणाऱ्याला होतो.

नोंदणीची घाई करू नये. पहिलं वर्ष नोंदणीशिवाय काढा, कोण खरंच काम करतो ते कळतं. पण पैसे गोळा करायचे ठरले की नोंदणी हवीच. तिच्याशिवाय संघाच्या नावाने बँक खातं उघडणं अवघड, आणि एखाद्याच्या वैयक्तिक खात्यात वर्गणी जमा करणं ही भांडणाची पक्की सोय. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाकडून तात्पुरती परवानगी घेतात, तिच्यावर वर्षभराचा संघ चालवायचा विचार करू नका. नोंदणीसाठी ज्ञापन आणि नियमावली, पहिल्या सभेचा ठराव, कार्यकारिणीची यादी व संमतीपत्रं, सगळ्यांची ओळखपत्रं, कार्यालयाच्या जागेसाठी मालकाचं ना-हरकत पत्र आणि वीजबिल, प्रतिज्ञापत्र, असा संच सहायक धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो. उद्देश लिहिताना ‘सर्वांगीण विकास’ असं ढोबळ लिहू नका. नागरी सुविधा, पर्यावरण, आरोग्य, कचरा व्यवस्थापन, सुरक्षितता असे वेगवेगळे लिहा. नंतर दुरुस्ती करणं फार कटकटीचं.

नोंदणी झाल्यावर दोन गोष्टी लोक हमखास विसरतात. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, आणि आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरपर्यंत, हिशेब सादर करावे लागतात. बदल अर्ज तीन निवडणुका दिला नाही तर धर्मादाय कार्यालयाच्या दफ्तरी सचिव म्हणून कैलासवासी गृहस्थाचं नाव राहतं, बँक सह्या बदलून देत नाही, आणि खात्यातले पैसे आहेत तसे अडकतात. असे बंद पडलेले संघ जागोजागी आहेत.

पैशाचं गणित साधं ठेवा. ३०० घरं, ५०० रुपये वर्गणी, पहिल्या वर्षी साठ टक्क्यांनी दिली तर ९० हजार होतात. झेरॉक्स, टपाल, सभेच्या हॉलचं भाडं, लेखापरीक्षकाची फी, थोडं वृक्षारोपण एवढ्याला ते पुरतात. क्रमांकित पावतीपुस्तक, खात्यावर दोन सह्या, आणि रोखीने खर्चाला एक छोटी मर्यादा. एका दात्याने किंवा बिल्डरने निम्मा खर्च उचलला तर संघ त्याचा होतो, हे लिहून ठेवा. पालिकेचं काम स्वतःच्या पैशाने करून घ्यायचा मोहही टाळा. वर्गणीतून एकदा खड्डे बुजवले की पुढच्या वर्षी पथ विभाग विचारतो, यंदा तुम्ही नाही का करणार?

कचऱ्याचा अपवाद. दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या संकुलांना ओला कचरा जागेवर जिरवण्याची जबाबदारी नियमांनीच दिली आहे. घरटी अर्धा किलो ओला कचरा धरला तर शंभर सदनिकांचा ५० किलो होतो. छोट्या इमारतींनी मिळून एक खतप्रकल्प चालवणं स्वस्त पडतं, आणि ते जुळवून आणणं हे संघाचंच काम. प्रकल्प फसतो तो बहुतेक वेळा कोरडा पाला कमी पडल्याने. ओल्या कचऱ्याच्या आकारमानाइतका पाला किंवा लाकडाचा भुसा हवा. तो नसला की चिखल होतो, वास सुटतो, आणि पहिल्या मजल्यावरची तक्रार येऊन प्रकल्प बंद पडतो. म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये पानगळीच्या वेळीच पोती भरून ठेवावीत.

आता नाजूक भाग. संघ वाईटही वागू शकतो, आणि वागतो. सार्वजनिक रस्त्यावर फाटक बसवून ‘फक्त रहिवाशांसाठी’ अशी पाटी लावणं हा संघाचा अधिकार नाही. अविवाहित भाडेकरूंना घर देऊ नका, अमुक जेवणाऱ्यांना नको, असले ठराव संघाच्या कामात बसत नाहीत. फेरीवाल्यांविरुद्ध नुसत्या तक्रारी करण्यापेक्षा २०१४ च्या पथविक्रेता कायद्याखालच्या नगर पथविक्रेता समितीत रहिवासी संघांना स्थान आहे, तिथे जाऊन जागा ठरवून घेणं टिकाऊ असतं. भाजीवाला उठवला तर भाजी आणायला दोन किलोमीटर जायचं कोणी, हेही सभेत विचारावं. भटक्या कुत्र्यांबाबत २०२३ च्या नियमांनी खाऊ घालण्याची जागा ठरवण्यात रहिवासी संघावर जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे ‘आमचा संबंध नाही’ म्हणता येत नाही. आणि निवडणुकीच्या आधी सहा महिने जो संघ अचानक जागा होतो, हळदीकुंकू आणि तीर्थयात्रा काढतो, तो कोणाच्या तरी प्रचाराचं कार्यालय आहे असं खुशाल समजा. पदाधिकारी निवडणुकीला उभा राहणार असेल तर त्याने आधी राजीनामा द्यावा, अशी एक ओळ घटनेत घातली की बरंच वाचतं.

मग सामील का व्हावं? सगळ्यात मोठं कारण हे की तुम्ही गेला नाहीत तरी तुमच्या नावाने कोणीतरी बोलत असतंच. ‘परिसरातील समस्त नागरिक’ अशी सही करून पत्र जातं, त्यात तुमचं घर मोजलेलं असतं. संघ बहुतेक ठिकाणी तीन-चार निवृत्त गृहस्थ चालवतात. ते मनापासून करतात, पण त्यांचे प्रश्न त्यांचेच असतात: बाक हवेत, मुलांचं क्रिकेट नको, गाड्या लावायला जागा हवी. लहान मूल असलेली आई, रात्रपाळीहून परतणारा माणूस, व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, चाळीतलं कुटुंब सभेला नसेल तर पदपथाचा उतार, अंधारा बसथांबा, चाळीतला सार्वजनिक नळ हे विषय कोणाला सुचतच नाहीत. सभा बुधवारी सकाळी अकराला ठेवली तर कोण येणार ते ठरलेलंच आहे. रविवारी साडेदहाला ठेवा म्हणून आग्रह धरा.

तुमच्या ५०० रुपयांबद्दल: देण्याआधी पाच कागद मागा. नोंदणी प्रमाणपत्र, घटना, मागच्या वर्षाचा लेखापरीक्षित हिशेब, शेवटच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त, आणि वर्षभरात दिलेल्या पत्रांची आवक क्रमांकांसह यादी. पहिले चार बरेच जण दाखवतात. पाचवा दाखवणारा संघ खरोखर काम करतो. यादी दाखवता येत नसेल तरी वर्गणी भरा, पण सभासद झाल्याबरोबर ती यादी ठेवायचं काम स्वतःकडे मागून घ्या. नाही म्हणणारा सहसा कोणी भेटत नाही, कारण ते काम कोणालाच नको असतं.

पद घेऊ नका लगेच. एक विषय घ्या, महिन्याला दोन तासांचा. दिवे हा सुरुवातीला चांगला. रात्री साडेनऊला आपल्या हद्दीतून एक फेरी मारायची, बंद दिव्यांचे खांब क्रमांक, झाडाने झाकलेले दिवे आणि दिवसाही चालू राहणारे दिवे असे तीन रकाने भरायचे, दुसऱ्या दिवशी विद्युत विभागाला एकच पत्र द्यायचं, आणि पंधरा दिवसांनी त्याच वाटेने पुन्हा फिरून किती लागले ते त्याच कागदावर लिहायचं. बंद राहिलेल्या खांबांचे क्रमांक स्मरणपत्रात, आधीचा आवक क्रमांक घालून.